अयाचित उपकार

परोपकाराची थोरवी सांगणारें वाङ्मय आपल्याकडे इतकें विपुल आहे कीं, परोपकार करतांनाहि माणसाचें कांहीं चुकूं शकतें ही शंकाच आपल्या मनास सहसा शिवत नाहीं. अपकाराचा विचार नीतिशास्त्रानें फार बारकाईनें केला आहे. हेतु काय होता, परिणाम काय झाला, करणाऱ्यास समज किती होती, हें सारें तेथें तोलून पाहिलें जातें. उपकाराच्या वाट्यास मात्र केवळ स्तुति येते. ज्याच्यावर उपकार व्हावयाचा त्यास अगोदर कोणीं विचारलें होतें काय, हा साधा प्रश्न तेथें क्वचितच निघतो. आम्हांस तो प्रश्न प्रथम पडला तो एखादा ग्रंथ वाचून नव्हे; एका संगणकाच्या दुखण्यामुळें पडला.

सन २००३ च्या ऑगस्ट महिन्यांतील ही गोष्ट. आम्ही त्या वेळीं तिशींत होतों व एका कॉलेजांत अध्यापक म्हणून नुकतेच स्थिरावलों होतों. आमच्या विभागाला एकच संगणक होता, आणि चार वर्षें खपून गोळा केलेलीं आमच्या प्रबंधाचीं टिपणें त्याच्याच पोटांत होतीं. एके दिवशीं यंत्र सुरू करून दहा मिनिटें झालीं नाहींत तोंच पडद्यावर एक चौकट उमटली. यंत्र साठ सेकंदांत बंद होणार आहे, तरी काम जतन करून घ्यावें, अशी तींत सूचना होती व खालीं सेकंद उलटे मोजले जात होते. यंत्र बंद पडलें, आपोआप पुन्हां सुरू झालें, आणि थोड्या वेळानें पुन्हां तीच चौकट! दोन दिवस हा प्रकार चालला. पुढें रविवार आला. आमचा एक विद्यार्थी मोठा हुशार आणि तितकाच सेवातत्पर होता. त्यानें शिपायाकडून किल्ली मागून घेतली, सुटीचा सारा दिवस खर्चीं घातला, यंत्रांतील हार्ड डिस्क साफ पुसून सगळी व्यवस्था नव्यानें बसविली, आणि सोमवारीं सकाळीं तो हंसतमुखानें आमच्यापुढें येऊन उभा राहिला. "सर, आतां काळजी नको. सगळं नवं करून ठेवलं आहे."

यंत्र खरोखरच ठणठणीत झालें होतें. टिपणें मात्र गेलीं होतीं. त्या मुलावर रागवावें तर जीभ रेटेना, आणि त्याचे आभार मानावे तर शब्द फुटेना. "बरं केलंस, बाळ," एवढें म्हणून आम्ही तासावर निघून गेलों. टिपणें पुढें पुष्कळशीं पुन्हां जमविलीं. पण त्या सोमवारीं मनांत पडलेली गांठ सुटली नाहीं. आपणांस राग येत होता तो कशाचा? हानीचा म्हणावें, तर हानि अजाणतां झाली होती. हेतूचा म्हणावा, तर हेतु निर्मळ होता. मग चुकलें होतें तें काय?

या प्रश्नाचा विचार करण्यास त्याच महिन्यानें एक विलक्षण उदाहरण जगापुढें ठेविलें होतें. तें समजण्यासाठीं त्या दुखण्याची थोडी शारीर चिकित्सा करणें अवश्य आहे. आमच्या यंत्राला जी कीड लागली होती तिचें नांव ब्लास्टर. ती ११ ऑगस्ट २००३ रोजीं प्रथम दृष्टोत्पत्तीस आली. संगणकाचा व्हायरस आणि संगणकाची कीड यांत एक भेद केला जातो. व्हायरस दुसऱ्या एखाद्या फाइलीला चिकटून राहतो, व ती फाइल कोणीं उघडली म्हणजे पसरतो. कीड स्वतःच्या पायांनीं चालते. एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्राचा शोध घ्यावा, तेथें शिरावें, आपली प्रत ठेवावी, आणि तेथून तिसऱ्याकडे निघावें, हा तिचा क्रम. यंत्राच्या धन्याला त्यासाठीं बोटहि हालवावें लागत नाहीं.

विंडोज ही जी यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम, तिला घरच्या कारभाऱ्याची उपमा शोभेल. कोणतें काम केव्हां सुरू करावयाचें, कोणास कोणत्या खोलींत जाऊं द्यावयाचें, हें सारें तो पाहतो. दुसऱ्या यंत्रांकडून येणाऱ्या कामाच्या विनंत्या घेण्यासाठीं त्यानें कांहीं दरवाजे ठेविलेले असतात. त्यांपैकीं १३५ क्रमांकाच्या दरवाज्यावरील एका सेवकाच्या हातून एक चूक होत असे. येणारा मजकूर किती लांबीचा आहे हें तो मोजून घेत नसे. एखाद्या कारकुनापुढें छापील फॉर्म असावा. नांवाच्या चौकटींत कोणीं इतकें लांबलचक नांव लिहावें कीं, तें चौकट ओलांडून शेजारच्या हुकमाच्या कागदावर जावें. आणि त्या कारकुनानें तेथें उमटलेलीं अक्षरें वरिष्ठांचाच हुकूम समजून निमूटपणें बजावावीं, तसा हा प्रकार होता. विंडोज २००० आणि विंडोज एक्सपी या दोन्ही प्रकारच्या यंत्रांत ही उणीव होती. ब्लास्टर तिचाच उपयोग करी. असा खोटा हुकूम मिळतांच यंत्र ४४४४ क्रमांकाचा आणखी एक दरवाजा उघडून देई. तेथून आलेल्या आज्ञेप्रमाणें किडीची फाइल आपण होऊनच आणवून घेई व आपल्या मुख्य कोठारांत ठेवी. त्यानंतर रजिस्ट्री म्हणून जी कारभाऱ्याची नित्याच्या कामांची वही असते तींत एक नवी ओळ पडे. यंत्र जेव्हां जेव्हां सुरू होईल तेव्हां तेव्हां ही फाइल चालू करावी, अशा अर्थाची ती ओळ असे. आणि तिच्यापुढें नांव घातलेलें असे तें विंडोजच्या स्वयंचलित सुधारणेचें! त्या लांब मजकुराच्या धक्क्यानें पुष्कळदां तो सेवकच कोसळे, आणि त्याच्याशिवाय काम चालविणें अशक्य म्हणून कारभारी साठ सेकंदांची मुदत देऊन घर बंद करी. आम्हीं पाहिलेली ती चौकट किडीची नव्हती. ती घरच्याच कारभाऱ्याची कैफियत होती.

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ही उणीव पोलंडमधील कांहीं संशोधकांनीं आधींच हुडकून काढली होती, व मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १६ जुलै २००३ रोजीं, म्हणजे कीड येण्यापूर्वीं सव्वीस दिवस, तिच्यावरील ठिगळहि जाहीर केलें होतें. ज्यांनीं तें लावलें तीं यंत्रें सुरक्षित राहिलीं. आम्हीं लावलें नव्हतें. असें कांहीं ठिगळ असतें हेंच आमच्या गांवीं नव्हतें. शिवाय, खुद्द ब्लास्टरहि थोडा नीतीचा आव आणून आली होती. तिच्या पोटांत बिल गेट्स यांस उद्देशून, पैसा मिळविणें पुरे करा आणि आपला माल दुरुस्त करा, अशा आशयाची एक ओळ दडलेली होती. आणि १६ ऑगस्टला कीड लागलेल्या सर्व यंत्रांनीं त्या कंपनीच्या सुधारणा पुरविणाऱ्या स्थळावर एकदम चाल करावी, अशी योजना होती. कंपनीनें तो पत्ताच काढून टाकल्यामुळें तो नेम चुकला.

नंतर १८ ऑगस्ट रोजीं दुसरी कीड अवतरली. तिला कोणीं वेल्चिया म्हणाले, कोणीं नाची म्हणाले. ती शिरे मुख्यत्वेंकरून त्याच दरवाज्यानें व त्याच उणिवेचा फायदा घेऊन. परंतु आंत गेल्यावर तिचें वर्तन पाहून तज्ज्ञहि चकित झाले. ती ब्लास्टरला शोधी, तिचें चालू असलेलें काम थांबवी, व तिची फाइल नष्ट करी. पुढें मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या भांडारांतून तें ठिगळ आणून त्या यंत्रास लावी, व यंत्र पुन्हां सुरू करी, म्हणजे ज्या भगदाडांतून आपण आलों तें बुजवून टाकी. यंत्राच्या पंचांगांत २००४ साल लागलेलें आढळतांच आपण होऊन निघून जावें, अशीहि तिला आज्ञा होती. तिच्या पोटांत कर्त्यानें आपल्या पत्नीवर व बाळावर आपलें प्रेम असल्याचें लिहून ठेविलें होतें, आणि २००४ मध्यें आपण जाऊं असें वचनहि दिलें होतें. पाहिजे तें सारें या एका उदाहरणांत आहे. परदुःख जाणणारा हेतु, रोगाचें अचूक निदान, खरें औषध, आणि काम झाल्यावर निरोप घेण्याची सभ्यता! उणें एकच होतें. घरधन्याला कोणीं विचारलें नव्हतें.

परिणाम काय झाला? एखाद्या पत्त्यावर यंत्र आहे किंवा नाहीं हें जाणून घेण्यासाठीं ही परोपकारी कीड आधीं तेथें एक हांक मारी. एकानें हांक मारली तर कोणास त्रास नाहीं. परंतु हजारों यंत्रें एकाच वेळीं "कोणी आहे काय?" म्हणून ओरडूं लागलीं, तेव्हां तारा त्या हांकांनींच भरून गेल्या व कामाचा निरोप जाईना. एअर कॅनडा या विमानकंपनीच्या प्रवासी नोंदणीची व्यवस्था त्यामुळें कोलमडली. अमेरिकेच्या नौदलाचें अंतर्गत जाळें तुंबलें. सप्टेंबर महिन्यांत त्या देशाच्या परराष्ट्रखात्याची, व्हिसा देण्यापूर्वीं नांवें पडताळून पाहण्याची व्यवस्था याच किडीपायीं कांहीं तास बंद ठेवावी लागली. ज्यांच्याकडे अशा जाळ्यांची देखभाल होती त्यांतील अनेकांना रोगापेक्षां वैद्याचाच उपद्रव अधिक वाटला.

येथें कोणी असें म्हणेल कीं, हा दोष तत्त्वाचा नाहीं, कौशल्याचा आहे. हांका कमी मारल्या असत्या, थोडी सबुरी ठेविली असती, तर त्याच किडीला आपण धन्यवाद दिले असते. आक्षेप विचार करण्यासारखा आहे, म्हणून आपण तशी कल्पना करून पाहूं. समजा, कोणाचाहि खोळंबा न करणारी, हळुवार पावलांची एक कीड आहे. ती रात्रीं येते, उणीव बुजविते व निघून जाते. तींत कांहीं वावगें आहे काय?

आमच्या मतें आहे. आणि तें कोठें आहे हें वेल्चियाच्याच वर्तनावरून दिसतें. विंडोजच्या मुख्य कोठारांतील एका आंतल्या कप्प्यांत ती राही, आणि तेथें तिनें धारण केलेलें नांव विंडोजच्याच एका खऱ्या फाइलीचें होतें. कारभाऱ्याच्या सेवकांच्या यादींतहि तिनें आपणांस जीं नांवें लावून घेतलीं तीं घरच्याच माणसांचीं वाटावीं अशीं होतीं. हितकर्त्यास वेषांतर कशाला? परंतु न विचारतां येणाऱ्यास वेषांतरावांचून गति नसते. तो उघड राहिला तर धनी त्यास हांकून देईल, म्हणून त्यास लपावेंच लागतें. आणि एकदां तो लपला म्हणजे त्याचा चांगुलपणा धन्याच्या दृष्टीनें नाहींसाच होतो. अपरात्रीं आपल्या माजघरांत एक अनोळखी मनुष्य आपल्याच नोकराच्या वेषांत उभा असलेला दिसला, तर तो चोरी करण्यास आला आहे कीं कौलें शाकारण्यास, हें आपण कशावरून ओळखावें? जाळ्यांची राखण करणाऱ्यांनीं दोन्ही किडी सारख्याच निष्ठेनें खणून काढल्या, यांत त्यांची कृतघ्नता नव्हती. त्यांना दुसरा मार्गच नव्हता.

काट्यानें काटा काढावा, अशी आपल्याकडे म्हण आहे, व या प्रकरणीं ती कोणासहि सहज आठवेल. परंतु म्हणीचें चित्र नीट डोळ्यांपुढें आणावें. काढणारा कांटा हातांत धरलेला असतो. तो केव्हां थांबवावयाचा, किती खोल घालावयाचा, हें धरणाऱ्याच्या स्वाधीन असतें. आणि ज्याचा पाय असतो तो मनुष्य समोर बसून "हळू" असें म्हणूं शकतो. काढणारा कांटा आपण होऊनच पायापायांत हिंडूं लागला, तर म्हण सांगणाऱ्या आजीबाईंनीं त्यास दुसरा कांटाच म्हटलें असतें.

हा भेद संगणकशास्त्राच्या आद्य पुरुषांना ठाऊक होता असें दिसतें. १९७१ च्या सुमारास अमेरिकेंत यंत्रायंत्रांतून फिरणारा क्रीपर नांवाचा एक प्रोग्रॅम प्रयोग म्हणून केला गेला, व त्याला पुसून काढण्यासाठीं रीपर नांवाचा दुसरा केला गेला. पुढें झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील संशोधनशाळेंत शॉक व हप या दोघांनीं उपयुक्त कामें करणाऱ्या किडींवर प्रयोग केले व १९८२ सालीं त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रात्रीं रिकाम्या पडलेल्या यंत्रांकडून कामें करून घ्यावीं, असा त्यांचा सद्हेतु होता, आणि यंत्रें त्यांच्या संस्थेचींच होतीं. तरीहि एका रात्रीं एक लहानशी कीड बिघडली, आणि सकाळीं येऊन पाहतात तों जिकडे तिकडे यंत्रें बंद पडलेलीं! परंतु त्या दोघांनीं आपल्या किडींत आधींच एक सोय करून ठेविली होती. विशिष्ट निरोप पाठविला म्हणजे सगळ्या किडींनीं आपलें काम थांबवावें, अशी ती सोय. ती वापरून त्यांनीं तो अनर्थ आवरला. त्यांचीहि चूक झाली. पण त्यांना थांबवितां येत होतें, व ते कोण हें सर्वांना माहीत होतें. वेल्चियाचा कर्ता मात्र आपली कृति जगांत सोडून देऊन निनांवी राहिला. एअर कॅनडाच्या खोळंबलेल्या प्रवाशानें "थांब" म्हणून ओरडावें तर कोणापाशीं?

आतां याविरुद्ध दोन मोठे आक्षेप आहेत, व त्यांना उत्तर दिल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पहिला आक्षेप आपत्काळाचा. बुडणाऱ्यास बाहेर काढतांना आपण त्याची अनुज्ञा मागतों काय? मागत नाहीं, व मागूंहि नये. जॉन स्टुअर्ट मिलनें आपल्या १८५९ च्या स्वातंत्र्यावरील निबंधांत मोडक्या पुलावर पाय ठेवूं पाहणाऱ्या मनुष्याचें उदाहरण घेतलें आहे. त्यास सावध करण्यास वेळच नसेल, तर त्यास धरून मागें ओढण्यांत त्याच्या स्वातंत्र्याचा भंग नाहीं, असें तो म्हणतो. परंतु संकट निश्चित नसून केवळ संभवनीय असेल, तर इशारा देऊन थांबावें, असेंहि तो बजावतो. बुडत्याला काढणारा मनुष्य तेथें स्वतः हजर असतो. काय घडत आहे तें त्याला डोळ्यांनीं दिसतें. बुडणारा बोलूं शकत नाहीं, हें उघड असतें. आणि पाण्याबाहेर आल्यावर "माझा हात कां पिरगाळलास?" असें विचारण्यास तो समोर सांपडतो. या सर्व गोष्टी जुळल्या म्हणजेच आपत्काळाचा धर्म लागू होतो. हजारों कोसांवरून, अनोळखी घरांत, एकदां लिहिलेली आज्ञा पाठवून देणाऱ्यास यांतील एकहि गोष्ट नीट लागू पडत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कीड लागलेलें यंत्र एकट्या धन्याचें राहत नाहीं. तें शेजाऱ्यांवर चालून जातें. अशा वेळीं "माझ्या घरांत पाय ठेवूं नका" असें म्हणण्याचा त्यास अधिकार पोंचतो काय? महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नाहीं. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला, तेव्हां घरोघर शिरून रोगी शोधून काढण्याचा जो उपक्रम रँडसाहेबाच्या अमलाखालीं गोऱ्या शिपायांकरवीं झाला, त्याच्या मुळाशीं रोग आवरण्याचाच हेतु होता. परंतु देवघर आणि माजघर यांचा विधिनिषेध न ठेवतां, न विचारतां, न सांगतां तो उपकार लादला गेल्यामुळें सारें शहर पेटून उठलें, व २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. त्याच वर्षीं, त्याच रोगाशीं झगडणाऱ्या हाफकीन यांनीं मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजांतील आपल्या लहानशा प्रयोगशाळेंत प्लेगची लस तयार केली, व १० जानेवारी रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. लोकांचें हित दोघांसहि साधावयाचें होतें, असें घटकाभर धरून चाललें, तरी एकानें आपला उपकार आधीं स्वतःच्या अंगावर घेतला, व दुसऱ्यानें तो लोकांच्या उंबरठ्याआंत ढकलला, हा भेद राहतोच.

मग शेजाऱ्यांच्या रक्षणासाठीं आंत शिरणें कधींच योग्य नाहीं काय? असूं शकतें, पण तें कोणी एकट्यानें आपल्या मर्जीनें करण्याचें काम नाहीं. सन २०२१ च्या आरंभीं मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज नांवाच्या टपालव्यवस्थेंतील उणिवा साधून परक्यांनीं अनेक संस्थांच्या यंत्रांत चोरवाटा ठेविल्या. पुष्कळांनीं त्या काढून टाकल्या. तरी शेंकडों यंत्रांत त्या तशाच राहिल्या. तेव्हां अमेरिकेच्या एफ्‌. बी. आय्‌. या खात्यानें टेक्ससमधील न्यायालयाची आज्ञा मिळवून त्या यंत्रांतील चोरवाटा दुरूनच पुसून टाकल्या. १३ एप्रिल २०२१ रोजीं ही गोष्ट जाहीर करण्यांत आली, व धन्यांस कळविण्याचा उद्योग झाला. त्या खात्यानें उणिवांना ठिगळें लावलीं नाहींत, कीं दुसरें कांहीं शोधलें नाहीं. जेवढ्याची आज्ञा होती तेवढेंच केलें. आधीं न विचारतां आंत शिरण्याचा हाहि प्रकार आम्हांस सर्वस्वीं निर्वेध वाटत नाहीं. परंतु येथें आज्ञेला मर्यादा होती, करणाराचें नांव उघड होतें, आणि न्यायालयापुढें जाब विचारण्याची सोय होती. त्या अर्थानें ही वेल्चियाची सुधारलेली आवृत्ति नव्हे. तिची जातच निराळी.

आजच्या वाचकास कदाचित् वाटेल कीं, हा वाद आतां जुना झाला. ब्लास्टरनंतर, २००४ सालीं, मायक्रोसॉफ्टनें विंडोज एक्सपीची जी मोठी सुधारणा दिली तींत संरक्षक भिंत मुळांतच उभी करून ठेविली, आणि ठिगळें आपोआप लावून घेण्याचा आग्रह धरला. २०१५ च्या विंडोज १० पासून घरगुती यंत्राच्या धन्यास तीं ठिगळें पुढें ढकलतां येतात, पण कायमचीं नाकारणें अवघड. म्हणजे आपण एकदांच, न वाचलेल्या लांबलचक करारावर होकार देऊन, कारभाऱ्याला कायमची मुखत्यारी देऊन टाकली आहे. अनुज्ञा आहे, पण ती विचारपूर्वक दिलेली अनुज्ञा आहे काय? १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या संरक्षण पुरविणाऱ्या कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळें, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें एकाएकीं निकामी झालीं. आपल्या देशांतील विमानतळांवरहि कांहीं प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास घेऊन विमान गांठावें लागलें. ही कांहीं कीड नव्हती. धन्यांनीं पैसे देऊन ठेवलेला राखणदार होता. तेव्हां नुसत्या परवानगीनें अनर्थ टळतो, असा आमचा दावा नाहीं. पण ती फाइल कोणाची हें तत्काळ कळलें, दीड तासाच्या आंत ती मागें घेण्यांत आली, आणि कंपनीला जगापुढें येऊन आपली चूक पदरांत घ्यावी लागली. ज्यास विचारून शिरावें लागतें, त्यास जाबहि द्यावा लागतो.

या सगळ्या उदाहरणांवरून आमच्या मनांत जो विचार स्थिरावला तो असा. परवानगी मागणें हा शिष्टाचार आहे, असें आपण समजतों. घाईच्या वेळीं शिष्टाचार बाजूस ठेवावा, असेंहि समजतों. वस्तुतः विचारणें हें ज्ञानाचें साधन आहे. ज्याच्यावर उपकार करावयाचा त्याच्या घरांत काय आहे, त्याला काय मोलाचें आहे, कोणती वस्तु हालविली असतां काय कोसळेल, हें केवळ त्यालाच ठाऊक असतें. आणि तें जाणून घेण्याचा मार्ग, त्यास विचारणें, हा एकच. न विचारणारा उपकारकर्ता दुसऱ्याचा मान राखीत नाहीं, हा त्याचा लहान दोष; तो आंधळ्यासारखें काम करतो, हा मोठा. वेल्चिया ज्या यंत्रांत शिरत होती त्यांपैकीं कोणतें विमानाच्या प्रवाशांचें होतें व कोणतें एखाद्या मुलाच्या खेळाचें होतें, हें तिला कळण्याचा संभव नव्हता. आमच्या विद्यार्थ्याजवळ चांगुलपणा भरपूर होता, कौशल्य होतें, श्रम करण्याची तयारी होती. एक गोष्ट मात्र त्याला ठाऊक नव्हती, व ती आम्हांसच ठाऊक होती. "सर, यांत ठेवण्यासारखं कांहीं आहे का?" एवढ्या एका प्रश्नानें आमचीं चार वर्षें वांचलीं असतीं.

परंतु हा न्याय सांगतांना आम्हांस आमच्याकडेहि पाहिलें पाहिजे. "मला विचारा" असें म्हणणाऱ्यानें विचारणाऱ्यास सांपडलें पाहिजे, व आपलें घर आपण राखलें पाहिजे. सव्वीस दिवस आधीं निघालेलें ठिगळ आम्हीं लावलें नव्हतें. ते दोन दिवस आम्ही पडद्यावरच्या चौकटीवर चिडत होतों, त्याच वेळीं आमचें यंत्र दुसऱ्यांच्या दरवाज्यांवर त्याच लांब मजकुराचे धक्के मारीत असलें पाहिजे, हें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं, किडीची माहिती वाचतांना उमगलें. कोणाचीं टिपणें, कोणाचा जमाखर्च आमच्या गैरसावधपणामुळें गेला असेल, हें कळण्याची आतां सोय नाहीं. नकार देण्याचा हक्क हा काळजी घेण्याच्या कर्तव्याशीं बांधलेला आहे, आणि तें कर्तव्य टाळणाराच रँडसाहेबास घरांत येण्याचें निमित्त देतो.

आणखी एक हिशेब राहिला. गेल्या वर्षीं तो विद्यार्थी आम्हांस भेटावयास घरीं आला होता. आतां तो चाळिशी ओलांडलेला, मोठ्या हुद्द्यावरचा गृहस्थ आहे. चहा झाल्यावर, कां कोण जाणे, आम्हीं त्याला त्या टिपणांची गोष्ट प्रथमच सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, हें तुम्हीं तेव्हांच सांगायला हवं होतं. त्यानंतर मीं आणखी दोघांचीं यंत्रं तशींच पुसून दिलीं. त्यांनीं पण कांहीं म्हटलं नाहीं."

त्याला वाईट वाटूं नये, म्हणून आम्ही इतकीं वर्षें गप्प राहिलों होतों, आणि तें आपल्या मनाचें औदार्य समजत होतों. त्यास तें औदार्य हवें होतें कीं नको, हें आम्हीं त्यास कधीं विचारलें नव्हतें. आम्ही त्याची क्षमा मागितली.